शेव वेगळी

एकशे ऐंशी माणसं.
पतपेढीच्या डायरीत, मागच्या पानावर, मी भागाकार मांडला:
एका पिशवीत तिघांचा रस्सा,
म्हणजे साठ पिशव्या, वर पाच असू द्या,
कोकिळाआत्याकडचे कधीच मोजून येत नाहीत.

पत्रिकेत 'स्नेहभोजन' छापलं होतं.
ते कुठून येणार, ते छापलं नव्हतं.

अमळनेरहून धुळे रस्त्यावर, जिनिंगच्या पुढे,
सुपडूआप्पाचं हॉटेल. पाटीवरचं नाव
उन्हानं खाल्लंय, उरलंय नुसतं 'भोजनालय'.
आठ वर्षं मी तिथे जेवले ऑडिटच्या दिवशी,
पंख्याखालच्या टेबलावर, एकटी.
नवव्या वर्षी समोर धनराज येऊन बसला,
कारण दुसरीकडे जागा नव्हती.
हे त्याचं म्हणणं.
जागा होती.

आप्पाला सांगितलं, लग्नाची ऑर्डर आहे, पार्सल.
"कोनं लगीन?"
"मनं," मी म्हणाले.
झारा हातात तसाच. तेल निथळत राहिलं
मघाच्या मिरच्यांवर.
मग म्हणाला, भरीत मागू नको,
वैशाखात वांग्यात नुसत्या बिया.
शेवभाजी देतो. कळण्याची भाकरी देतो,
ठेचा लागेल तेवढा ने.
दर? दर भिंतीवर आहे तोच.
लग्न म्हणून वाढवत नाही,
लग्न म्हणून कमीही करत नाही.

रात्री आत्याचा फोन:
"लगीनमा पारसल? लोके काय म्हनतीन?"
एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत
लोकांचं सगळं म्हणून झालंय, आत्या,
असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, कांदे चिरायला कोणी नाहीये.
ती दुपारी दोनलाच आली, स्वतःची विळी घेऊन.

पाच वाजता अझहरचा छोटा हत्ती हॉलच्या दाराशी.
पासष्ट पिशव्या, पासष्ट दोऱ्याच्या गाठी,
आतून वाफ धरलेली,
भाकऱ्या वर्तमानपत्रात, वरच्या भाकरीवर
कुठल्याशा बाजारभावाची उलटी अक्षरं.
आणि एक पत्र्याचा डबा, त्यावर आप्पाचा निरोप,
अझहरनं तोंडपाठ आणलेला:
"शेव येगळी बांधेल शे, माय.
आधी टाकी का नरम व्हई जास.
खावाना टाइमलेच टाकजो."

एक पिशवी फुटली, स्टेजच्या पायरीशी.
भाड्याचा गालिचा लाल, रस्सा लाल,
डेकोरेशनवाल्याला अजून कळलेलं नाही.

धनराजची तेजल, नववीतली,
सकाळपासून माझ्याशी बोलली नव्हती.
भांडली असती तर सोपं गेलं असतं.
मावशी नाही, आई नाही, काहीच नाही,
माझ्यासाठी तिच्याजवळ अजून शब्दच नव्हता
आणि उसना घ्यायचा नव्हता तिला.
तिनं तो डबा कुणाला न विचारता उचलला,
वाटी घेतली, पंगतीत शिरली.
"आता टाकू?"
साहेबांना, शिपायांना, आत्याच्या न मोजलेल्या नातवंडांना,
"आता टाकू?"
कुणाच्याही ताटात घाई केली नाही.

लाईट गेली, आली, परत गेली.
मोबाइलच्या उजेडात लोक नाकं पुसत जेवले.
कुणीतरी मुळ्येमास्तरांना म्हणालं,
बुफेपेक्षा हे बरं, निदान घाम तरी खरा आहे.

शेवटी आम्ही बसलो. हारांचा वास गेलेला,
लसणाचा राहिलेला.
ती समोर उभी. वाटी भरलेली.
माझ्याकडे नाही, माझ्या ताटाकडे बघत:
"आता टाकू?"

मला जरा वेळ लागला.
भाकरी मोडली. रस्सा पुढे ओढला.
टाक, म्हणाले.

सकाळी हिशोब: बिल पैशापर्यंत बरोबर,
पिशव्या उरल्या चार, त्यातल्या तीन आत्यानं नेल्या,
डब्याचे दीडशे डिपॉझिट, डबा दिला की परत.
स्कूटर काढली, तर तेजल म्हणाली,
मी धरते डबा.
मागे बसली. गाव संपलं.
आरशात दिसत होतं,
झाकण अर्धं उघडून
तळाचा चुरा ती चिमटीनं खातेय.
जिनिंग येईस्तोवर संपवला.