पट्टी लावली होतीस?

बोरा बाजारात हकीमुद्दीनभाईंच्या काउंटरवर
मी कॅमेरा ठेवला, पिवळ्या फडक्यासकट.
त्यांनी भिंग दिव्यापुढे धरलं.
बुरशी आहे, म्हणाले, कडेकडेने. समुद्राची हवा.
तीन हजार देईन, तेही पट्टा चांगला आहे म्हणून.

वर अकरा घालून मला एक लेन्स घ्यायची होती,
सेकंडहँड, डिजिटलला बसणारी.

कॅमेरा कुंदा तळपदे मॅडमचा.
महापालिकेत इमारतींच्या पाहणीला आम्ही बरोबर असायचो.
डोंगरी, कामाठीपुरा, माझगाव,
जिना हलायचा आणि वर कुणाच्या तरी डाळीला फोडणी बसत असायची.
मॅडम भेगेला सहा इंची पट्टी टेकवायच्या,
श्वास धरायच्या,
आणि एक.
मग रजिस्टरात: दुसरा मजला, न्हाणीची भिंत, चौकट क्रमांक नऊ.
रोल ऑफिसचा, छत्तीसचा,
आणि हिशोब मागणारा कारकून रोलपेक्षा कडक.
मी एकदा म्हणालो, अजून एक घ्या ना, सुरक्षित.
म्हणाल्या, दुसरा कधी काढायचा माहितीये?
पहिल्या वेळी बघितलं नसेल तेव्हा.

परवा मी एका इमारतीचे चारशे बारा काढले.
घरी जेवता जेवता पाहिले,
भेग कुठली, केबल कुठली, कळेना.
दोन बोटांनी ताणत गेलो
तर भिंतच चौकोन चौकोन होत गेली.

पण खोटं कशाला बोलू,
माझगावच्या त्या तुळईचे
सकाळी दहाचा आणि दुपारी चारचा, असे दोन फोटो
मी जिन्यातच उभ्या उभ्या ताडून पाहिले होते.
दोन सूत सरकली होती.
दिवेलागणीच्या आत सतरा बिऱ्हाडं शाळेत हलवली,
गॅसच्या शेगड्या, गणपतीचा पाट, एक पोपटसुद्धा.
मॅडमचा रोल तेव्हा धुवायच्या रांगेत पडून राहिला असता.
हे मी त्यांना फोन करून सांगितलं, जरा चढ्या आवाजात.
बरं झालं, म्हणाल्या.
मग थोडं थांबून,
पट्टी लावली होतीस?

हकीमुद्दीनभाईंचा अंगठा मागच्या झाकणावर थांबला.
आत रोल आहे.
आकडा तेवीसवर.
उघडू?

साहेब लोक आयुष्यभर विचारत आले,
तुमच्या खात्याने काय उजेड पाडला.
इथे उजेड पडला असता
तर तेवीस भिंती एका झटक्यात गेल्या असत्या,
कुठल्या, ते रजिस्टर तर केव्हाच रद्दीत.
किंवा भिंती नसतीलही.
निवृत्तीच्या आदल्या दिवशी मॅडम एकट्याच
माझगावच्या गल्ल्यांतून हिंडताना कुणाला तरी दिसल्या होत्या.

नको, म्हणालो.
त्यांनी खांदे उडवले, फडकं घडी करून दिलं,
लेन्स पुन्हा काचेच्या कपाटात.

आज कामाठीपुऱ्यात, तिसरा मजला.
गळ्यात दोन्ही कॅमेरे, मान दुखतेय.
डिजिटलने साठ काढले, ऑफिससाठी, तारीख वेळेसकट.
सायबू म्हणून एक म्हातारे,
सुताराची पेन्सिल कानावर,
पलंग ओढून मला मागची भेग दाखवायला लागले.
दर महिन्याला तिच्या टोकाशी
एक आडवी रेघ मारून तारीख टाकलेली,
मार्चपासून, जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर वर.
कुणी सांगितलं होतं?
कुणी नाही. ती चालते, मी लिहितो.

मी खिशातून पट्टी काढली.
दुसरा कॅमेरा डोळ्याला लावला.
बुरशीतून भिंत जरा दुधाळ दिसत होती.
श्वास धरला.

आला का? म्हणत ते कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकले.
तिथे नुसतं काळं कातडं.
माहीत नाही, म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, जणू हे बरोबरच,
पेन्सिल जिभेला लावली
आणि भेगेच्या टोकाशी
आजची तारीख घातली.