दिवसातून एकदा

मे महिन्यात खामल्यात आमचा खेळ
रात्री दहानंतरच सुरू होतो.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी, मधोमध वीस बाजूंचा फासा
आणि तर्रीचा डाग पडलेला माझा नकाशा:
नदी कन्हानवरून उचललेली, जंगल गोरेवाड्याचं,
नावं तेवढी बदललेली.
खेळ मी चालवतो. म्हणजे जग माझं,
असं मला वाटायचं.

प्रणोती ढोबळेनं पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं,
‘कोणतंही कुलूप उघडते.’
त्याआधी माझ्या जगात कुलपं नव्हती,
लोटली की उघडणारी दारं होती.
तिच्या एका ओळीपायी मला तिजोऱ्या घडवाव्या लागल्या,
किल्ल्या उशाखाली घेऊन झोपणारी एक राणी,
आणि ती तशी का झोपते, ते.

उईके माग काढतो. म्हणून मातीला ओल आली,
तिच्यावरून कोणी लंगडत गेलं, कोणी ओझं घेऊन.
जे कोणालाच करता येत नाही ते नुसतं वर्णन.
मी वाचतो, तोवर ते चिवडा खातात.

सुगत खोब्रागडे दिवसभर बर्डीवर पार्किंगच्या पावत्या फाडतो.
त्यानं लिहिलं, ‘थांब म्हटलं की समोरचा थांबतो.
दिवसातून एकदा.’
पुढे एक चौकोन, वापरलं की काळा करायला.

चार महिने चौकोन कोरा.
भुयारात राक्षस अंगावर आला तेव्हा कोरा,
पूल जळताना, मारेकरी पळताना, कोराच.
"काहून ठेवून राहिला बे? लोणचं घालतो का त्याचं?"
प्रणोती ओरडायची. तो फासा शर्टाला पुसायचा.

मग एका रविवारी लाइट गेली, कूलर घरघरत बंद पडला,
आणि मोबाइलच्या उजेडात मी एक नावाडी आणला.
रस्ता सांगण्यापुरता. दोन वाक्यांचा माणूस.
वाक्यं झाली, मी त्याला वळवला, त्यानं वल्हं उचललं,
आणि सुगत म्हणाला,
"थांब."

"याच्यावर? अबे, तो कोणीच नाही!"
फासा पडला. सतरा.

नावाडी थांबला.
माझ्याजवळ पुढचं वाक्य नव्हतं.
त्याला नाव नव्हतं. पाठमोरा होता,
चेहराही मी केला नव्हता.
"जेवला का, भाऊ?" सुगत विचारत होता.
चिवड्याकडे कोणाचा हात जाईना.
मी म्हणालो, म्हणजे नावाडी म्हणाला,
सकाळपासून नाही. वल्हं भावाचं आहे.
या काठाला लोक फक्त उतरतात.

हे माझ्या वहीत नव्हतं. आजही नाही.

आता दर रविवारी तो कोणालातरी थांबवतो.
चिल्लर मोजणारी बाई, पहाऱ्यावर पेंगणारा पोऱ्या.
मी तिसरं वाक्य तयार ठेवतो,
तो नेमका चौथं विचारतो.
खोडून खोडून चौकोनाखालचा कागद इतका झिजलाय
की टेबलाच्या सनमायकाची फुलं दिसतात.
"नवा कागद देऊ?"
"राहू दे नं. याच्यावरच बरं लिहिल्या जाते."