उठाव

खळदकर शिकवायचे तेव्हा पेन्सिल आधी जिभेला लावायचे.
"उंची काय, कोणीही सांगेल," म्हणायचे,
"तू उठाव सांग.
आपल्याहून उंच कुणाकडे जायचं
तर कमीत कमी किती उतरावं लागतं,
तेवढा उठाव."
आणि एक अट: वाटेत पाणी ओलांडायचं नाही.
ओढासुद्धा नाही. धारेधारेनं जायचं,
पाय कोरडे ठेवून,
देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

नकाशा-कचेरीतली दुपार. पंखा बंद,
कारण कागद उडतात.
समोच्च रेषांच्या तपकिरी शाईत
कायमची रंगलेली त्यांची करंगळी.
फावल्या वेळात, किराण्याच्या जुन्या वहीत,
ते देशातले डोंगर नव्यानं मांडत होते
उठावाच्या क्रमानं.

कांचनगंगा पहिली. तिथे वाद नव्हता.
नंदादेवीही वरच.
पण नंतर हिमालयातले सात-सात हजारी
पटापट गळायला लागत.
"हा बघ, थोरल्याच्या खांद्यावर उभा.
जरा उतरला की थोरल्याचंच अंगण.
ह्याचं स्वतःचं काय?"
आणि पार खालून, केरळातून,
अनाईमुडी वर येई,
सत्तावीसशे मीटरलाही न पोचलेली,
चहाचे मळे आणि हत्ती अंगावर घेऊन.
तिच्याहून उंच कुणी शोधायचा
तर अख्खं दख्खन उतरा,
दोनशे-सव्वादोनशेवर या, सपाटीच्या उंबऱ्याशी,
आणि मग थेट हिमालय.
तिचं नाव लिहिताना त्यांनी पेन्सिल ठेवली
आणि शाई घेतली.

"आणि आपली कळसूबाई?" मी विचारलं.
"महाराष्ट्रापुरती," म्हणाले,
आणि डबा उघडला.

मी पुढे साहेब झालो.
कसा, तेही सांगतो.
अकरा महिने त्यांनी आखलेल्या एका नकाशावर
कोपऱ्यात सही माझी होती.
ते काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून फक्त
मला 'अहो' म्हणू लागले.

वीस वर्षं झाली त्याला.

आज वेताळ टेकडीवर
गुडघ्याला पट्टा बांधून बसलोय.
खाणीच्या पाण्याकडे मोर ओरडतोय,
मागे कोणीतरी फोनवर सांगतंय,
"पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी आहे बरं का ही!"
मी सवयीनं उठाव काढतो.
पश्चिमेला उतरत जायचं, धार सोडायची नाही,
चांदणी चौकाच्या आसपास कुठेतरी येते खिंड.
एकमेकांवर चढलेले पूल आहेत तिथे आता,
खिंडीला खिंड म्हणून कुणी ओळखत नाही.
पलीकडून पुन्हा चढ, मुळशीकडे,
सह्याद्रीकडे.
म्हणजे दीडशे मीटर, माझ्या अंदाजानं.
काही कमी नाही,
गावातल्या टेकडीला.

आणि माझा?
खळदकरांच्या खांद्यापासून धरला
तर एका सहीची जाडी.

ते राहतात चांदणी चौकाच्या अलीकडेच,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दार त्यांनीच उघडलं.
करंगळी आता पांढरी, कोणाचीही असावी तशी.
आत टीव्हीच्या खाली, बिलांच्या गठ्ठ्यात
ती वही दिसली मला,
किंवा तसल्याच रंगाची दुसरी.

बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
"धारेनं आलात, की रस्त्यानं?"

"रिक्षानं," मी म्हणालो.

"मग नाही धरणार."
आणि पायानं चपला बाजूला सारून
माझ्या चपलांना जागा केली.
"जाताना चालत जा," म्हणाले,
"आणि धार सोडू नकोस."