यास्टार्निया, जुलैचा दुसरा आठवडा

वर्षभर साठवलेले सात दिवस
आणि पहिल्याच सकाळी आभाळ
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं.
क्रेफ्टबाई, ज्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही उतरलो,
चाव्या देतानाच म्हणाल्या होत्या,
"इथे हवेचा अंदाज ऐकायचा नसतो.
खिडकी उघडायची.
ती लावेपर्यंत जे दिसेल तेवढंच खरं."

म्हणून निघालो. सासरे पुढे,
खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांचं कापड, काठ्या, लाकडी हातोडा.
वारा अडवायची ही भिंत ते
छत्तीस वर्षं याच वाळूत ठोकतात
आणि छत्तीस वर्षं वारा बाजू बदलतो.
शिव्या देत उपटतात, पुन्हा ठोकतात.
लेशेक म्हणतो, बाबा सुट्टीवर येतात ते याचसाठी.

दहा वाजता ऊन.
दहा वाजून दहा मिनिटांनी कपडे उतरवून, क्रीम फासून झालं
आणि ऊन गेलं.
तेक्ला तरी पाण्यात. ओठ जांभळे,
"मुळीच गार नाहीये," दातांवर दात वाजवत.
ओलेक गुडघ्यापर्यंत गेला,
थोर विचारवंतासारखा उभा राहिला
आणि परत आला.

मग पाऊस. तिरका, जाड.
भिंत उपटून डोक्यावर घेतली आम्ही पाच जणांनी,
खाली उकडलेली अंडी, वाळूनं करकरणारी.
त्या पट्टेरी अंधारात सासरे एकदम म्हणाले,
"तिच्या कानाला वारा सोसायचा नाही.
पाण्याला भ्यायची, पण पाणी बघायचं असायचं तासन् तास.
म्हणून आणलं होतं हे कापड."
कुणी काही बोललं नाही.
ओलेकनं त्यांना स्वतःचं अंडं दिलं.

बुधवारी रात्रभर वादळ.
गुरुवारी लाल निशाण, पोहायला बंदी,
आणि अख्खं गाव कंबरेत वाकून चाललेलं.
वरचं अंबर फाटलं
की खालचं किनाऱ्याला लागतं म्हणे:
कधीच्या काळच्या झाडांचा गोठलेला डिंक.
तेक्लाला सापडला एक खडा. नखाएवढा, मधाच्या रंगाचा.
क्रेफ्टबाईंनी वाडग्यात मीठ कालवलं,
"तरंगला तर खरा."
आमचे श्वास वाडग्याच्या काठावर.
बुडाला. सरळ तळाशी.
बिअरच्या बाटलीची काच,
समुद्रानं घासून घासून सभ्य केलेली.
तेक्लानं बोटं घालून ती काढली, फ्रॉकला पुसली,
"माझा जड जातीचा आहे," म्हणाली
आणि खिशात टाकली.

निघालो त्या दिवशी अर्थातच
ढगाचा ठिपकाही नव्हता.
गाडीत सामानाच्या फळीवर ओल्या कापडाची गुंडाळी,
तिच्यातून थेंब, थेंब,
खालच्या अनोळखी गृहस्थाच्या टकलावर.
त्यानं आधी वर पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे,
मग आमच्या सोललेल्या नाकांकडे.
"समुद्र?" त्यानं विचारलं.
"समुद्र," सासरे म्हणाले
आणि जरा सरकून त्याला जागा दिली.