अडीच किलोमीटरचा चौकोन

सकाळी सातला रायली हवामानाचा तक्ता वाचते,
मी तिच्या राईच्या पावाला लोणी लावतो.
ढगांचा तळ अठराशे मीटर. वारा नैऋत्येचा.
तेवीस अंशांना जमीन सुटेल,
चारनंतर वर झाकण बसेल.
जमीन सुटेल म्हणजे हवा सुटेल जमिनीपासून;
आमच्यात असंच बोलतात.

हे आकडे कुठून येतात, मला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं फिनलंडच्या उत्तर टोकाला
मी रात्री दोन वाजता फुगे सोडले.
उणे तिसात हातमोजा काढून दोरीला गाठ मारायची,
दोरीला पांढरी डबी, चहाच्या पुड्याएवढी,
आणि मग बोटं सैल करायची.
डबी वर जाता जाता बोलत राहायची:
दाब, ओल, थंडी, दाब, ओल.
फुगा फुटला की गप्प.
एकही डबी मला पुन्हा भेटली नाही.

रायली माझी धाकटी बहीण, एकसष्टची.
तिच्या विमानाला इंजिन नाही
आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

दुपारभर मी गाडीत. मागे लांबलचक रिकामा ट्रेलर,
मांडीवर फोन, फोनवर हिरवा ठिपका,
ठिपक्याला चिकटलेली उंची.
सोळाशे. साडेबाराशे.
चारला तक्ता खरा ठरला:
ढग पसरले, एकमेकांत मिसळले,
खालची शेतं विझल्यासारखी झाली.
सातशे.
पाचशे चाळीस.
पुढे तळी, नुसती तळी;
तळ्यावरची हवा बसली की उठायचं नाव घेत नाही.
तीनशे दहा.
मग ठिपका करडा झाला. रेंज नाही.

मी किल्ली फिरवली.
तेवढ्यात, सवयीने, तिथला चौकोन उघडून बघितला.
मॉडेलचा एक चौकोन अडीच किलोमीटरचा.
त्यात अर्धं तळं, अर्धं रान;
सरासरी काढली की उरतं काहीतरी ओलसर,
आणि त्यापुढे लिहिलेलं शून्य.
कोपऱ्यातली पुलक्किनेनांची बंद पडलेली वाळूची खाण
त्यात कुठेच नाही.

आम्हाला मात्र ती पाठ आहे.
तळ्यातून निळे ओठ घेऊन धावत यायचो
आणि त्या खडीवर पालथे पडायचो दोघं,
दात वाजायचे थांबेपर्यंत.
संध्याकाळी सूर्य गेल्यावरसुद्धा
पोटाला चटका बसायचा.
आई म्हणायची, खडीचे वण बघून,
तुम्हाला काय चाळणीवर वाळत घातलं होतं?

मी गाडी काढली नाही.
इंजिन तसंच घुरघुरत राहिलं.

तीनशे साठ.
ठिपका अजून करडाच, पण हलला.
चारशे दहा, पुन्हा चारशे, चारशे पंच्याहत्तर,
एकाच जागी गोल गोल,
घोटून काढलेल्या अक्षरासारखा.
मग हिरवा.

फोनवर सगळं आपोआप नोंदलं जात होतं.
तरी मी डॅशबोर्डातून जुनी वही काढली,
पेन्सिलीला दातांनी टोक केलं, लिहिलं:
खाण. १६:४२. सेकंदाला सव्वा मीटर, वर.
आणि खाली सही केली,
ड्यूटीवर असल्यासारखी.

अकराशेवर पोचल्यावर रेडिओ खरखरला.
"तौनो, किल्ली फिरवली होतीस ना?"
मी म्हटलं, नाही.
ती हसली. म्हणाली,
"थर्मासमधली कॉफी संपवू नकोस.
अजून एक तळं राहिलंय."