वाटाडे

मर्सा आलमहून रात्रभर बोट हाकली की
पहाटे समुद्रातून एक दीपगृह उगवतं.
बेट नाही, माती नाही. पाण्याला टेकलेलं प्रवाळ,
आणि त्यावर दोन पहारेकरी,
जे आमच्याकडे हमखास कांदे मागतात.
आम्ही त्याला अबू किझान म्हणतो. नकाशात दुसरं नाव आहे.

मी वाटाड्या. लोकांना खाली नेतो, मोजून वर आणतो.
आज पाच होते. तिसरा दिवस, अजून काही दिसलं नव्हतं.
भिंतीकडे नाही, निळ्याकडे बघा, मी हातानं सांगत होतो,
जिथे बघण्यासारखं काहीच नसतं.

त्या काहीच नसण्यातून
ती आली.
घाई नाही. उधारी वसूल करायला आलेला माणूस येतो तशी,
ज्याला ठाऊक असतं घरात कोण आहे.

तांबूस पाठ. दोन लांब पर,
टोकं चुन्यात बुडवून काढल्यासारखी.
नाकापुढे पट्टेपट्टेवाले वाटाडे मासे,
माझ्याच धंद्यातले.

ते पर मी ओळखतो.
शलातीनला, शेळ्यांच्या खोपटावर
बाबा ते वाळत घालायचे,
आणि सात वर्षांचा मी कावळे हाकत बसायचो.
वाळले की पत्र्यासारखे वाजत.
उरलेलं अंग जड, स्वस्त; ते समुद्रातच टाकत.
कधीकधी जिवंत असे. हे बाबांनी फार उशिरा सांगितलं.
त्या पैशांत माझी शाळा झाली. हाजरच्या बांगड्या झाल्या.

ती एकदा लांबून फिरली. मग जवळून.
जबड्याच्या कोपऱ्यात गळ, गंजलेला,
मागे हातभर दोर, दोरावर शेवाळ.
म्हणजे हे घेऊन ती बरेच दिवस फिरतेय.
काढावा असं वाटलं.
पण आमच्या घरातले हात
तिच्यापर्यंत आधीच पुष्कळदा पोचलेत.
मी ते छातीशी धरून ठेवले.

वर आल्यावर सगळे एकदम बोलू लागले.
किती? स्वयंपाकी बखीतनं विचारलं.
एक.
पूर्वी भांडी विसळली तरी सात-आठ जमायच्या, तो म्हणाला,
आणि कांदा चिरू लागला.

परतताना किनारा दिसायच्या आधी रेंज आली.
बाबांना सांगितलं.
पलीकडे कितीतरी वेळ नुसता श्वास.
मग, मादी होती?
हो.
गाभण?
ते नाही कळलं.
नीट बघायचं होतंस रे, ते म्हणाले,
आणि फोन हाजरकडे दिला.