खालची खाट

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा.
वरच्या खाटेवर मी, खालच्या खाटेवर मुनाफ हमदुले.
गाव एकच, शाळेतला बाक एकच,
मोबाइलवरचा ग्रुपही एकच:
‘आपलं गाव, आपला विकास’, सभासद दोनशे अकरा.

रात्री साडेदहाला मी लिहितो,
जेटीचा पैसा कुणाच्या घशात गेला, पुराव्यासकट सांगा.
पाठवतो,
आणि माझ्या पाठीखाली
एक गादी, एक प्लायवूड आणि दोन हात हवा सोडून
टिंग वाजतं.

मग तो लिहू लागतो.
लोखंडी खाट किंचित हलते.
मी फोन छातीवर पालथा ठेवून वाट बघतो.
‘वरच्या वाडीच्या दलालांना आम्ही उत्तर देत नाही.’
वरच्या वाडीचा मी.
वरच्या खाटेवरचाही मीच.

तासाभरापूर्वी याच माणसानं
सोड्याच्या रश्शातले मोठे सोडे
माझ्या ताटात सरकवले होते.

गावात होतो तेव्हा ग्रामसभेला फिरकलो नाही कधी.
कोरम भरायचा म्हणून शिपाई वही घेऊन दारात यायचा,
मी दात घासता घासता सही करायचो.
इथून मात्र मला पाइपलाइनचा व्यास पाठ,
टेंडरची तारीख पाठ,
उमेदवाराच्या मेव्हण्याच्या डंपरचा नंबरसुद्धा.
चाळीस जण अंगठा दाखवतात.
कुणीतरी मध्येच गुलाब टाकून शुभ रात्री म्हणतं.

मतदानाला पाच दिवस राहिले तेव्हा एक फोटो आला.
‘बघा, आपल्या पऱ्यावरचा साकव वाहून गेला!
हाच का विकास?’
लालभडक पाणी, वाकलेलं रेलिंग,
कोपऱ्यात अर्धवट कापलेली एक निळी पाटी.

ते रेलिंग मी ओळखलं.
कॅम्पामागच्या वाडीतलं.
इथे वाडी म्हणजे घरं नव्हेत, कोरडी नदी,
वर्षातून एकदा वेड लागल्यासारखी येते.
आली त्या दिवशी कामाची बस अलीकडेच अडकली होती,
आणि खिडकीतून हात बाहेर काढून
मुनाफनं बायकोसाठी तो फोटो काढला होता
माझ्या खांद्यावर कोपर टेकवून.

कसा कुठून फिरला देव जाणे,
आमचा साकव होऊन परत आला.
मी पाहिला, दोनदा मोठा करून पाहिला,
आणि सात ग्रुपांत पुढे ढकलला.
खाली टिंग वाजलं.
त्या रात्री खाट हलली नाही.

मतदानाच्या दिवशी शाईच्या बोटांचे फोटो.
वहिनीचं बोट, मास्तरांचं बोट, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांची बोटं.
आमच्या बोटांना ग्रीस.
निकाल लागला, गुलाल उडाला, आमचे जिंकले.
मी नाचणारा माणूस पाठवला, मग फटाके पाठवले,
मग पाठवण्यासारखं काही उरलं नाही.

दिवा मालवल्यावर मान खाली घालून विचारलं,
मुनाफ, तो फोटो तुझा होता. ग्रुपवर बोलला का नाहीस?
तो भिंतीकडे तोंड करून होता.
‘कुणाला सांगू?
ज्याला ठाऊक होतं त्यानंच तर पाठवला.’
थोड्या वेळानं म्हणाला, ‘झोप. साडेचारला बस आहे.’

आमचा आणखी एक ग्रुप आहे, ‘मेस रूम १४’,
सभासद सहा.
त्यावर डाळ संपल्याचं लिहितात,
बाथरूमची पाळी लिहितात.
पगार थकल्याचा हा तिसरा महिना,
त्याबद्दल तिथे अक्षर नाही.
ग्रुपात कॅम्प बॉसचा मेव्हणा आहे म्हणे,
नसेलही.

काल मी तिथे लिहिलं: पगाराचं
आणि पुसलं.
पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.
वर बघतो तर
‘मुनाफ टाइप करत आहे’.

खाट हलत होती.
मी श्वास रोखून पडून राहिलो.
ती अक्षरं गेली, परत आली,
परत गेली.